पेंटबॉलच्या मैदानावरचे फुगे आणि त्यांच्या खुंट्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळा सरल्यावर जायच्या सहलींची ठिकाणं आली होती. लोणावळा, कामशेत, मुळशी, कर्जत या पट्ट्यातल्या पेंटबॉलच्या मैदानांचा त्यात उल्लेख होता आणि शेजारी चौकटीत सुरक्षेच्या सूचनाही होत्या. मास्क काढू नका, खेळ थांबला की बंदुकीच्या नळीला टोपण लावा, लहान मुलांना एकटं सोडू नका. सूचना योग्यच आहेत. पण खेळाडू ज्याच्या आड लपतो, ज्याच्यावर जाऊन धडकतो, ज्याच्या बुडाशी गुडघ्यांवर घसरत जातो, त्या अडथळ्याबद्दल एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

भोसरीत माझा ताडपत्रीचा व्यवसाय आहे. वडिलांनी ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्यापासून सुरुवात केली. आता आम्ही शेततळ्याचा कागद जोडून देतो, गोदामांचे पडदे करतो, जाहिरातीच्या हवा भरायच्या कमानी करतो. अलीकडे पेंटबॉलच्या मैदानांवरचे हवेचे अडथळेही दुरुस्तीला येतात. खेळणारी मुलं त्यांना बंकर म्हणतात, आमच्या कारखान्यात सगळे फुगेच म्हणतात. फाटका फुगा टेबलावर पसरला की त्या मैदानाची निगा कशी आहे ते लगेच कळतं. कडी कुठे उपटली आहे, बेल्ट कुठे घासला आहे, ठिगळावर कोणी सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन लावून वेळ मारून नेली आहे, हे सगळं त्या कापडावर दिसतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळ जून 1981 मध्ये काही मित्र जंगलात जमले आणि झाडांवर खुणा करण्यासाठी बनवलेली रंगाची पिस्तुलं घेऊन एकमेकांना टिपायला लागले. पेंटबॉलची सुरुवात ती. जिलेटिनच्या पातळ कवचात रंग भरलेली 0.68 इंचाची, साधारण 3 ग्रॅमची गोळी असते. मैदानावर तिचा वेग सेकंदाला 300 फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही असा दंडक आहे. 300 फूट म्हणजे ताशी सुमारे 330 किलोमीटर. अंगावर लागली तर वळ उठतो, उघड्या डोळ्यावर लागली तर डोळा जाऊ शकतो. म्हणून मास्कवर एवढा भर.

सुरुवातीला आडोसा झाडांचाच होता. 1990 च्या दशकात हवा भरलेले अडथळे आले आणि खेळ मोकळ्या मैदानावर आला. दोन्ही बाजूंना सारखी मांडणी करता येते, बाहेर उभ्या माणसाला सगळं दिसतं आणि खेळाडू वेगाने येऊन आदळला तरी फुगा आत दबतो. हा शेवटचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या बऱ्याच मैदानांवर अजून पत्र्याची पिंपं, लाकडी पॅलेट, रचलेले टायर आणि बांबूचे तट्टे आहेत. पॅलेटला खिळे असतात. पिंपाची कड गंजलेली असते. टायरमध्ये पावसाचं पाणी साचून डासांची पैदास होते, शिवाय विंचू आणि साप तिथे आडोसा शोधतात. तेव्हा कोणी हवेचे अडथळे आणत असेल तर ते स्वागतार्हच आहे, हे आधी स्पष्ट सांगते. माझी तक्रार फुग्यांबद्दल नाही. ते कशाचे करतात, कसे बांधतात आणि जमिनीत काय ठोकून उभे करतात, याबद्दल आहे.

खुंट्यांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त जखमा तिथे होतात असं माझ्या पाहण्यातून माझं ठाम मत झालं आहे.

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. त्यांच्या ऑफिसची सहल मावळातल्या एका रिसॉर्टवर गेली होती. खेळताना ती पळत आली आणि फुग्याच्या आड गुडघ्यांवर घसरली. पेंटबॉलमध्ये सगळे तेच करतात, कारण अंग खाली गेलं की गोळी वरून जाते. फुग्याच्या बाजूला गवतात खुंटी होती. नडगीवर बोटभर लांबीची खोल जखम झाली, टाके पडले. तिथल्या व्यवस्थापकाने सांगितलं की खेळ म्हटला की थोडंफार लागायचंच. भाची शहाणी, तिने त्या खुंटीचा फोटो काढून मला पाठवला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. बांधकामाच्या बारा एमएम सळईचा तुकडा, कटरने कापलेला. जमिनीपासून चार बोटं वर. घणाचे घाव बसून त्याचं डोकं फुललेलं होतं आणि फुललेल्या कडेला उलटलेला पत्रा विळीच्या पात्यासारखा उभा होता. त्याला अडकवलेला बेल्ट मातकट रंगाचा, त्यामुळे गवतात खुंटीही दिसत नव्हती आणि बेल्टही.

अशा सळया मी नंतर मुद्दाम पाहायला लागले. फुगा पोचवायला किंवा बसवायला गेले की आधी फुग्याच्या भोवतीचं गवत हाताने बाजूला करते. बहुतेक ठिकाणी तीच सळई. त्यात मैदानचालकांचा दुष्टावा नाही. साइटवर सळईचे तुकडे पडलेले असतात, पहार आणि घण हाताशी असतो, काम भागतं. ब्रिटनमध्ये उड्या मारायच्या फुग्यांसाठी तिथल्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने खुंटी कशी असावी ते सांगितलं आहे: लांबी 380 मिलिमीटर, जाडी 16 मिलिमीटर, डोकं गोल. गोल डोकं हे त्यातलं मुख्य. पंधरा इंच लांब खुंटी तिरपी ठोकून जमिनीच्या पातळीत बसवली की तिच्यावरून घसरलेल्या माणसाला फार तर खरचटेल.

आता इथे आपल्या मातीचा प्रश्न येतो. मावळ-मुळशीत वर वीतभर मुरूम आणि खाली कातळ. पंधरा इंचांची खुंटी अर्ध्यात अडते. मग पोरं ती तशीच वर ठेवतात आणि बेल्ट आवळतात. खाली घाट उतरून गेलं की कुठे भातखाचराची जमीन, ती पावसाळ्यानंतर इतकी मऊ की खुंटी हाताने उपटते. पुण्याच्या पूर्वेला काळी माती, उन्हाळ्यात भेगाळली की ठोकलेली खुंटी खुळखुळते. परदेशातल्या हिरवळीसाठी ठरलेली खुंटी या तिन्ही ठिकाणी तशीच्या तशी चालणार नाही. जिथे खुंटी पुरी जात नाही तिथे ती वापरूच नये, वजन वापरावं.

आम्ही एका मैदानासाठी फुग्याच्या बुडाशी वेगळा कप्पा जोडून दिला. त्यात पाणी भरलं की साठ लिटरला साठ किलो वजन फुग्याच्या आतच बसतं, बाहेर ना बेल्ट येतो ना खुंटी. एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी विकत घेणाऱ्याला पाणी कसं परवडणार, असं तिथल्या माणसाने विचारलं, आणि ते खरं होतं. मग कप्प्याऐवजी खालच्या पट्टीत चेनच्या, म्हणजे झिपच्या, थैल्या केल्या आणि त्यात वाळूच्या पिशव्या ठेवल्या. चेन आतल्या अंगाला घेतली, म्हणजे हाताला किंवा चेहऱ्याला लागणार नाही. ज्याला खुंट्याच मारायच्या आहेत त्याने निदान बेल्ट बांधायच्या कड्या फुग्याच्या पोटाखाली आत वळवून घ्याव्यात, म्हणजे खुंटीवर फुगाच बसतो. हे काम जुन्या फुग्यावरही होतं. एक फुगा बदलायला अर्धा दिवस पुरतो.

वजन किती लागेल याचा अंदाज वाऱ्यावरून बांधता येतो. पाच फूट रुंद आणि सहा फूट उंच फुग्यावर ताशी 38 किलोमीटरचा वारा समोरून आला तर साधारण वीस-बावीस किलोचा रेटा बसतो. वारा ताशी 60 किलोमीटर झाला तर तोच रेटा पन्नास किलोच्या पुढे जातो, कारण रेटा वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. फुग्याचं स्वतःचं वजन अंगाखांद्यावर घेऊन चालता येईल एवढंच. 38 चा आकडा मी मुद्दाम घेतला. ब्रिटनमध्ये वारा त्याच्या वर गेला की उड्यांचे फुगे बंद करायचे असतात आणि प्रत्येकाला किमान सहा ठिकाणी बांधायचं असतं.

हा नियम कशासाठी आहे ते दोन घटनांवरून कळेल. इंग्लंडमधल्या हार्लो इथे मार्च 2016 मध्ये जत्रेतला फुगा वाऱ्याने उखडला आणि आत असलेली सात वर्षांची मुलगी गेली. तो चालवणाऱ्या दोघांना 2018 मध्ये न्यायालयाने दोषी धरलं. 16 डिसेंबर 2021 रोजी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात डेव्हनपोर्टच्या एका प्राथमिक शाळेत वर्षअखेरच्या कार्यक्रमात वाऱ्याने फुगा उचलला आणि सहा मुलं दगावली. ते उड्या मारायचे मोठे फुगे होते आणि पेंटबॉलच्या फुग्यावर कोणी चढत नाही, हा फरक मला मान्य आहे. पण सुटलेला फुगा मैदानावरच्या कोणाच्याही अंगावर येतो, आणि येताना बेल्टच्या टोकाला उपटलेली सळई घेऊन येतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी वळवाचा पाऊस येण्याआधी जो वारा सुटतो तो सांगून येत नाही. नेमक्या त्याच सुट्टीच्या दिवसांत मैदानं भरलेली असतात. हातात धरायचं वारा मोजण्याचं यंत्र फार महाग नाही. ते मार्शलच्या, म्हणजे मैदानावर खेळावर नजर ठेवणाऱ्या माणसाच्या, गळ्यात असावं आणि काटा 38 च्या वर गेला की शिट्टी वाजावी.

आता कापडाबद्दल, कारण ते माझं रोजचं काम आहे. कमी पैशात फुगे करून मागणारे येतात तेव्हा बहुतेकांच्या मनात फ्लेक्स असतो. जुने बॅनर आहेत, त्यातून शिवून द्या, असंही काही जण म्हणतात. मी नाही म्हणते आणि ते दुसरीकडे जातात. फ्लेक्समध्ये विरळ जाळीच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचे थर चिकटवलेले असतात. ते बघण्यासाठी आहे, ओढाताणीसाठी नाही. उन्हात दोन उन्हाळे काढले की थर सुटतो, कड कडक होते आणि तुटलेली कड हाताला कापते. फुग्याला घट्ट विणलेल्या पॉलिस्टरवर दोन्हीकडून पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड लागतं, ट्रकच्या चांगल्या ताडपत्रीला असतं तसलं. चौरस मीटरला सहाशे ग्रॅमच्या खालचं कापड मी या कामाला वापरत नाही.

जोड शिवायचा नाही, वेल्ड करायचा. हाय फ्रिक्वेन्सीच्या यंत्रात दोन थर पितळी डायखाली, म्हणजे साच्याखाली, दाबले की लेप आतून वितळून एक होतो. शिवलेल्या जोडात प्रत्येक टाक्याला भोक असतं, आणि साधा दोरा उन्हाने कुजतो. वेल्ड नीट झाला की नाही हे बघायची एक साधी पद्धत आहे. कारागिराला त्याच बैठकीत, त्याच कापडाचा एक नमुना जोडून द्यायला सांगा. त्या जोडाला आडवी इंचभर पट्टी कापा, दोन्ही टोकं दोन पकडींत धरा आणि ओढा. जोड पक्का असेल तर तो सुटत नाही, लेपच कापडावरून सोलून निघतो आणि खाली पांढरी वीण उघडी पडते. जोड कच्चा असेल तर दोन थर चर्रकन वेगळे होतात आणि दोन्हीकडचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत राहतो. पांढरी वीण दिसली तर फुगा घ्या, चकाकी दिसली तर परत करा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

हवेचं गणितही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हवाबंद फुगा सकाळी आठला टणक भरला तेव्हा आतली हवा समजा 25 अंश होती. दुपारी दोनला गडद रंगाच्या फुग्यात ती 50 अंशांवर जाऊ शकते. एवढ्या फरकाने आतला एकूण दाब साधारण आठ टक्क्यांनी वाढतो. आठ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण वातावरणाचाच दाब चौरस इंचाला 14.7 पौंड आहे. सकाळी फुग्यात त्याच्यावर एक पौंड जादा हवा असेल तर दुपारी ती सव्वादोन पौंडांच्या आसपास जाते, म्हणजे जोडांवरचा ताण दुपटीहून जास्त. दोन गोष्टी होतात. कच्चा जोड फुटतो, आणि न फुटलेला फुगा इतका ताठ होतो की आदळणाऱ्याला तो दबतच नाही. ज्या गुणासाठी फुगा आणला तोच दुपारी नाहीसा होतो. उपाय सोपा आहे. जादा दाबाला आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा, रंग फिके घ्यावेत आणि दुपारच्या खेळाआधी प्रत्येक फुगा तळहाताने दाबून पाहावा. दोन इंच आत गेला पाहिजे.

काही ठिकाणी ब्लोअरने सतत हवा भरत राहणारे फुगे वापरतात. ते मला या खेळासाठी पसंत नाहीत. गावाकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि वीज गेली की आडोसा बसतो. मागे लपलेला खेळाडू अचानक उघड्यावर येतो आणि गोंधळून पहिलं काम मास्क वर करण्याचं करतो. शिवाय ओल्या गवतातून गेलेली, मध्ये टेप गुंडाळून जोडलेली वायर. ब्लोअर असेलच तर वीज गळू लागताच ती तोडणारं उपकरण बोर्डावर बसवलेलं असलंच पाहिजे. त्यात तडजोड नाही.

मास्कचा विषय निघालाच आहे तर फुग्याच्या आकाराबद्दलही लिहिते. दमट हवेत मास्कच्या काचेवर वाफ धरते. तिन्ही बाजूंनी वेढणारा सहा फुटी फुगा असेल तर आत बसलेल्या मुलाला वाटतं की आपण आता सुरक्षित आहोत, काच पुसून घेऊ. मार्शलला तो दिसत नाही. त्याच वेळी बाजूने दुसरा खेळाडू येतो. असे घेराचे फुगे लहान मुलांच्या मैदानावर नकोतच. कंबरेएवढे लांबट फुगे कडेला आणि उभे फुगे मध्ये ठेवले, की मार्शलला कुठूनही प्रत्येक डोकं दिसतं. माझ्याकडे कोणी मांडणी विचारली की मी हेच सांगते, आणि काच पुसायला मैदानाभोवतीच्या जाळीच्या बाहेर वेगळी जागा करा हेही सांगते.

राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि अशा उपक्रमांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सुरू केली. चांगलं पाऊल आहे. माझी विनंती एवढीच की पेंटबॉलच्या मैदानाची तपासणी होईल तेव्हा अधिकाऱ्याने मास्क आणि प्रथमोपचार पेटी पाहून परत फिरू नये. मैदानात जाऊन फुग्याभोवतीचं गवत बाजूला करून खुंट्या पाहाव्यात. वजनाची किंवा बांधण्याची सोय पाहावी. वाऱ्याची नोंदवही मागावी. फुगा कोणी, कशाचा, कधी केला याची पट्टी त्याच्यावर शिवलेली आहे का ते पाहावं. आम्ही फुगे करणारेही या पट्टीला बांधील असलो पाहिजे. जोड फुटला तर तो कोणाच्या हातचा होता हे कळायला हवं, आणि हे मी स्वतःच्या धंद्याला लागू करूनच लिहिते आहे.

शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि कंपन्यांत सहली ठरवणाऱ्यांनाही एक सुचवते. बुकिंगच्या वेळी जेवणात काय आहे हे आपण विचारतो, तसं खुंट्या कसल्या आहेत आणि वारा आला तर खेळ केव्हा थांबवता हेही विचारा. उत्तर देणारा अडखळला तर तिथे मुलं नेऊ नका. गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली की मैदानवाले सरकारी आदेशाची वाट पाहणार नाहीत. फ्लेक्सच्या फुग्याचा भाव आणि चांगल्या कापडाचा भाव यांत फरक आहे, तो मैदानवाल्याने एकट्याने सोसावा असं मी म्हणत नाही. तिकिटात थोडे पैसे वाढले तर पालकांनी कुरकुर करू नये.

दिवाळीच्या सुट्टीत ही मैदानं पुन्हा भरतील. नवे फुगे घ्यायला, कप्पे जोडायला वेळ लागेल. पण सळया उपटून टाकायला एक पहार आणि दोन माणसं पुरतात, आणि ते काम या आठवड्यात होण्यासारखं आहे. ज्या मैदानचालकांना आपल्या फुग्याचा जोड तपासून हवा असेल त्यांनी फुगा भोसरीला घेऊन यावा. जोडाची पट्टी ओढून दाखवायचे आणि कड्या आत वळवायच्या कशा हे त्यांच्या माणसांना शिकवायचे मी पैसे घेत नाही.

आपली,
ताडपत्री व्यावसायिक, भोसरी, पुणे
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)